पंखाच्या पुढं चार बोटं

“चहाचे कप उचला रे, मास्तरांचं विमान निघालंय!”

बापूसाहेब घोरपडे ओरडले आणि माळावरचे झाडून सगळे हसले. आप्पाही हसले. मी मात्र हसले नाही. त्या रविवारी विमानाचा तोल माझ्या कॅल्क्युलेटरनं काढला होता आणि आज या सगळ्यांचे दात घशात जाणार याची मला पक्की खात्री होती.

आप्पांनी रिमोटची काडी हळूच पुढं सरकवली. पंखा घूं करून फिरला, विमान गवत कापलेल्या पट्टीवरून धावलं, चाकं सुटली, आणि मी टाळी वाजवायला हात वर केले. तेवढ्यात विमानानं नाक आभाळाकडं केलं. मग उताणं झालं, एक कोलांटी, आणि धाड! चहाच्या टेबलापासून जेमतेम दोन हातांवर नाक मातीत रुतलं.

“झाली नांगरट,” बापूसाहेब म्हणाले. “आता पेरणी कधी घ्यायची, मास्तर?”

माझे हात तसेच वर राहिले होते. ते खाली कसे आणावेत हेही मला सुचेना.

ही गोष्ट कोल्हापूरची. घरात नेट नवं नवं आलं होतं आणि कुणी फोन उचलला की ते बंद पडायचं, तेव्हाची. आप्पा म्हणजे माझे वडील, मनोहर इंगवले, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. रिमोटवर उडणारी विमानं स्वतः बनवायची हा त्यांचा नाद. घरभर विमानांच्या हलक्या बालसा लाकडाचा भुसा. आई भाकरी थापताना रोज म्हणायची, “पिठात लाकूड आहे की लाकडात पीठ, तेवढं एकदा सांगा मला.” आप्पांसारखे आणखी पाच-पंचवीस नादिष्ट शहराबाहेरच्या माळावर दर रविवारी जमायचे. त्यांचे म्होरके बापूसाहेब. हवाई दलातून निवृत्त झालेला गडी, पल्लेदार मिशा, आवाज असा की लाऊडस्पीकरनं लाजावं.

माळावर एक रिवाज होता. नवं विमान आलं की बापूसाहेब ते दोन्ही हातांच्या एकेका बोटावर उचलायचे. पंखाच्या खाली, पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीचा एक तृतीयांश भाग सोडून. विमान बोटांवर आडवं राहिलं, ना नाक खाली ना शेपूट खाली, तर ते मान डोलवायचे. मगच विमान उडायचं. विमानाचा तोल चुकला तर ते पडतं, सगळी गंमत त्या तोलातच आहे. बापूसाहेबांच्या बोटांनी माळावरची किती विमानं वाचवली होती याला गणती नाही. त्यांच्या बोटांपुढं कुणी जात नव्हतं.

पण आप्पांचं विमान जगावेगळं होतं. मोठा पंख मागं, आणि शेपटीचा छोटा पंख पुढं, नाकाजवळ. मोटारही मागंच. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हे उलट्या दिशेनं चाललंय. अशी विमानं जगात असतात, पण आमच्या माळावर कुणी बनवलं नव्हतं. आप्पांनी ते नोकरीत असताना फळ्यावर काढायला सुरुवात केली होती. निवृत्त झाल्यावर बनवलं आणि नाव ठेवलं ‘टिटवी’.

“नाव तरी बरं ठेवायचं की वं,” बापूसाहेब म्हणाले होते. “टिटवी ओरडली की माणसं घाबरतात.”

“ओरडू दे तर खरी,” आप्पा म्हणाले होते. “आधी उडू दे.”

ती उडत नव्हती. बापूसाहेब बोटांवर तोलायचे, मान डोलवायचे, आणि टिटवी पडायची. आप्पा घरी येऊन पुन्हा जोडायचे. शेवटी मी म्हटलं, आता आपणच काहीतरी करू. मी तेव्हा घरी बसून लोकांच्या वेबसाइटी बनवायची. विमानाचा तोल काढणारे कॅल्क्युलेटर नेटवर होते, पण सगळे इंग्रजीत, इंचांत, आणि असल्या शब्दांत की आप्पांनी चष्मा काढून ठेवला. मग मी मराठीत एक पान बनवलं. पंखाची लांबी लिहा, रुंदी लिहा, शेपटीची लिहा, पंखापासून शेपूट किती मागं आहे ते लिहा, बटण दाबा. खाली उत्तर यायचं: विमान इथं तोला, पंखाच्या पुढच्या कडेपासून मागं इतके सेंटीमीटर. मागचं गणित मी पुस्तकांतून शिकले, त्यात माझ्या नाकी नऊ आले, पण केलं.

पान पहिल्यांदा दाखवलं ते बापूसाहेबांना. त्यांनी आमच्या घरी येऊन, खुर्चीत ऐसपैस बसून, शेपटीच्या रकान्यात मुद्दाम ‘वजा शंभर’ टाकलं.

“बघा मास्तर! वजा शंभर टाकलं तरी ही बया उत्तर देतेय. उद्या हिला विचारा, म्हशीचा तोल कुठं असतो. तेही सांगेल!”

आप्पा हसले, आई आत हसली, आणि माझा पारा चढला. त्याच दुपारी मी पानावर पहारा बसवला. कुणी वेडावाकडा आकडा टाकला, शून्य टाकलं, वजा टाकलं, की लाल अक्षरांत यायचं: ‘कृपया योग्य आकडा लिहा.’ म्हटलं, या आता बापूसाहेब.

मग आप्पांनी एकटं बसून टिटवीची मापं भरली. उत्तर आलं ते नेमकं बापूसाहेबांच्या बोटांखालचं, पंखाचा तिसरा हिस्सा सोडून. आम्ही खूश. म्हणजे तोल बरोबर होता, चूक दुसरीकडं कुठंतरी असणार. आप्पांनी मोटार थोडी सरळ बसवली, आणि त्या रविवारी टिटवीनं चहाच्या टेबलाशेजारी नांगरट केली.

बापूसाहेब मला चिडवतील म्हणून मी तयारीत होते. पण त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते जास्त वाईट होतं.

“मास्तर, माझी बोटं एक सांगतात, पोरीचा कॉम्प्युटर तेच सांगतो. आता दोष कुणाचा? विमानच उलटं आहे वं. नाद सोडा.”

“एकदा बघू दे अजून,” आप्पा म्हणाले.

“मैत्री मैत्रीच्या जागी. आज टेबलावर आलं असतं, उद्या कुणाच्या डोक्यावर येईल. दसऱ्याच्या मेळाव्याला लोक बांधाच्या पलीकडं असतात, तेव्हा एकदा उडवा. पडलं, तर हे विमान परत माळावर आणायचं नाही.”

आप्पांनी नाकातली माती बोटानं काढली.

“पडलं, तर मीच येणार नाही, बापूसाहेब.”

बापूसाहेबांना वाटलं मास्तर चेष्टा करतायत. मला माहीत होतं की ती चेष्टा नव्हती. आप्पा एखादी गोष्ट अशी हळू आवाजात बोलले की ती ठरलेली असायची.

त्यांनी टिटवी जोडली खरी, पण गॅलरीतल्या हुकाला टांगून ठेवली आणि तिच्याकडं बघायचंही सोडलं. रविवारी सकाळी पेपर वाचत बसले. आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, “अगं, भुसा नाही घरात आठवडाभर. मला कसंतरीच होतंय. कर की काहीतरी.”

“काय करू? मशीन पण तेच सांगतंय.”

“मग मशीनला परत विचार. मी तुझ्या बापाला चारदा विचारल्याशिवाय खरं काय ते कळत नाही.”

मी आप्पांना ओढतच कॉम्प्युटरपुढं आणलं. म्हटलं, माझ्यासमोर भरा सगळी मापं. ते नको नको म्हणत बसले. चष्मा लावला आणि एका बोटानं एकेक कळ शोधत आकडे टाकू लागले. पंखाची लांबी. रुंदी. छोट्या पंखाची लांबी, रुंदी. मग ‘पंखापासून शेपूट किती मागं’ हा रकाना आला, आणि आप्पांनी आधी वजाची खूण टाकली, मग साठ.

पानावर लाल अक्षरं उमटली. कृपया योग्य आकडा लिहा.

आप्पांनी निमूटपणे वजा खोडला. नुसतं साठ ठेवलं आणि बटण दाबलं. सवयीनं दाबलं, जणू त्यात काही विशेष नव्हतंच.

“थांबा थांबा. काय केलंत आत्ता?”

“दुरुस्त केलं.”

“आधी वजा का घातलात?”

“मागचं अंतर विचारतेस ना तू? माझी शेपूट पुढं आहे. पुढं आहे म्हणजे मागचं अंतर वजाच झालं की.”

“मग काढलंत का?”

आप्पा माझ्याकडं बघून कसनुसं हसले.

“लाल अक्षरात आलं ना. सगळा जन्म मी पोरांच्या वह्यांवर लाल शाई मारली, निलू. लाल आलं की चूक आपली असते.”

“आप्पा, मागच्या वेळेलाही असंच केलंत?”

“हो. तेव्हाही आलं होतं लाल.”

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू! बापूसाहेबांना गप्प करायला मी दारात पहारेकरी उभा केला, आणि त्या येड्यानं अख्ख्या गावाला आत सोडून घरच्या मालकालाच हाकलून लावलं होतं. आप्पांचं बरोबर होतं. पहिल्यापासून बरोबर होतं. माझ्या पानानं त्यांची शेपूट ओढून मागं नेली, विमान सरळ करून टाकलं, आणि सरळ विमानाचं उत्तर दिलं. म्हणूनच ते बापूसाहेबांच्या बोटांशी जुळत होतं!

“उठा,” मी म्हटलं. “मला बसू द्या.”

पहारा काढून टाकायला काहीच वेळ लागला नाही. वजा आला तर शेपूट पुढं आहे असं धर, हे पानाला शिकवायला मात्र दुपार गेली. आप्पा मागं खुर्ची टाकून बसले होते. आईनं मध्येच दोनदा चहा आणून दिला आणि काही न विचारता गेली. शेवटी मी म्हटलं, “या. भरा आता. जसं आहे तसं भरा.”

त्यांनी वजा साठ टाकलं आणि एक क्षण थांबून लाल अक्षरांची वाट बघितली. काही आलं नाही. बटण दाबलं.

विमान इथं तोला, पंखाच्या पुढच्या कडेपासून मागं: वजा आठ सेंटीमीटर.

“म्हणजे पंखाच्या पुढं,” आप्पा म्हणाले.

ते उठले, हुकावरची टिटवी काढली, मांडीवर घेतली. पंखाच्या पुढच्या कडेला हाताची चार बोटं आडवी लावली. चौथ्या बोटापाशी पंख नव्हता, काहीच नव्हतं, नुसतं टिटवीचं बारीक अंग. तिथं त्यांनी पेन्सिलनं खूण केली. मग त्या खुणेला दोरा बांधून तिला टांगली, तर मागं मोटारीकडं सगळं झुकलेलं. बॅटरी काढून पार नाकात बसवली, नाकात शिसं भरलं, तेव्हा कुठं ती आडवी राहिली.

“निलू, हे खरं असेल ना गं?”

“गणित मी हातानंही करून बघितलंय, आप्पा.”

“गणिताचं नाही विचारत. मी इतके दिवस बरोबर होतो, हे खरं असेल ना?”

मी होकाराची मान हलवली.

खंडेनवमीला आईनं हातोडी, पक्कड, करवत आणि विळी यांच्या रांगेत टिटवीही ठेवली. हळदकुंकू वाहिलं, आणि झेंडूचा हार घेऊन मागच्या पंखाकडं निघाली.

“मागं नको!” मी आणि आप्पा एकदम ओरडलो.

“बाई बाई, काय झालं?”

“तोल जाईल. नाकावर घाल, नाकावर!”

“देवाला तरी तोलाचं सांगू नका,” आई म्हणाली, पण हार नाकावर घातला.

दसऱ्याला माळावर ही गर्दी. बांधापलीकडं बायाबापड्या, पोरं, फुगेवाला. बापूसाहेबांच्या हातात माइक, म्हणजे विचारूच नका. एकेक विमान येत होतं, बापूसाहेब माइक काखेत धरून ते बोटांवर तोलत होते, मान डोलवत होते. आप्पांचा नंबर आला. बापूसाहेबांनी टिटवी पंखाखाली दोन बोटांवर उचलली, आणि तिचं नाक धपकन खाली आलं.

“मास्तर, नाक पार जड झालंय. शिसं ओतलंय का काय? असं नाही सोडणार मी.”

“बोटं पुढं घ्या, बापूसाहेब,” आप्पा म्हणाले.

“किती पुढं?”

“पंखाच्या पुढं. चार बोटं.”

“अहो, तिथं पंखच नाही! बोटं ठेवू कुठं?”

“अंगाखाली ठेवा.”

आजूबाजूचे हसायला लागले. बापूसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“कॉम्प्युटर म्हणतोय व्हय?”

“आधी आप्पा म्हणत होते,” मी म्हटलं. “कॉम्प्युटरला उशिरा कळलं.”

“मास्तर, रिवाज तुम्हाला माहीत आहे. माझी बोटं नाही म्हणतायत.”

इतक्या वर्षांत आप्पांनी त्या बोटांपुढं कधी ब्र काढला नव्हता. मला वाटलं, झालं, आता हे लाल अक्षर दिसलं आणि आप्पा वजा खोडणार. आप्पांनी चष्मा पुसला, परत लावला.

“बापूसाहेब, तुमच्या बोटांनी जेव्हा जेव्हा हो म्हटलं, तेव्हा तेव्हा माझी टिटवी पडली. आज पहिल्यांदा ती नाही म्हणतायत. मला वाटतं, आज उडेल.”

बापूसाहेबांच्या मिशा हलल्या. त्यांनी माइक माझ्याकडं दिला, दोन्ही बोटं शेजारी शेजारी धरली, पेन्सिलच्या खुणेखाली नेली आणि टिटवी उचलली. ती आडवी राहिली. वाऱ्यानं जराशी डुलली, आणि पुन्हा आडवी झाली.

“काय राव,” बापूसाहेब हळूच म्हणाले. त्यांनी मान डोलवली नाही, पण टिटवी पट्टीवर स्वतः नेऊन ठेवली. माइक माझ्या हातून परत घेतला. “बांधापलीकडच्यांनी जरा मागं सरकावं. मास्तर इंगवल्यांचं विमान आहे.”

आप्पांनी काडी सरकवली. टिटवी धावली. चाकं सुटली. मी हात पाठीमागं घट्ट धरले होते, टाळीबिळी काही नाही. नाक वर गेलं, आणि मी डोळे मिटले.

धाड असा आवाज आलाच नाही. घूं असा आवाज येत होता आणि तो लांब लांब जात होता.

डोळे उघडले तर टिटवी बाभळींच्या वर होती. छोटा पंख पुढं, मोठा पंख मागं, आणि अशी सरळ, अशी सावकाश चढत होती की घाई कसली आहे! आप्पांनी डावीकडं वळवली, ती वळली. डोक्यावरून आणली. पोरं ओरडायला लागली, “उलटं विमान! उलटं विमान आलं!” आणि त्या सगळ्या गलक्याच्या वर एक आवाज माळभर घुमला. बापूसाहेब माइक बंद करायला विसरले होते.

“उडालं की वं! मास्तर, उडालं! बघा रे, माझ्या मास्तरचं विमान बघा! अरे, काय वळतंय, काय वळतंय! आयला, माझी बोटं काय झोपली होती काय इतके दिवस!”

सगळा माळ हसत होता आणि टाळ्या वाजवत होता. आईनं पदर डोळ्यांना लावला होता आणि एका हातानं शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, आमचे हे, आमचे हे. आप्पा मात्र हसतही नव्हते की बोलतही नव्हते. नजर वर, अंगठे काड्यांवर, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. हात मोकळे नव्हते म्हणून ते पुसता येत नव्हतं. मी जाऊन माझ्या ओढणीनं पुसलं.

“दिसतंय ना नीट?” मी विचारलं.

“दिसतंय,” आप्पा म्हणाले. “लख्ख दिसतंय.”

टिटवी उतरली तीही अलगद. चाकं टेकली, थोडी धावली आणि बापूसाहेबांच्या पायांपाशी येऊन थांबली. त्यांनी खिशातून आपट्याचं पान काढलं, आधी टिटवीच्या नाकावर ठेवलं, मग आप्पांच्या हातात दिलं, आणि दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले.

“पोरी,” बापूसाहेब मिशा पुसत म्हणाले, “ते तुझं पान मलाही उघडून दे. आता वजा शंभर टाकणार नाही.”

“टाका की,” मी म्हटलं. “आता चालतं.”

ते पान पुढं मी इंग्रजीतही केलं. आज कुठल्या कुठल्या देशांतले लोक ते वापरतात, मला नावंही नीट उच्चारता येत नाहीत. पान उघडलं की रकान्यांत नमुन्याची मापं आधीच भरलेली दिसतात. ती टिटवीची आहेत. आणि दर थोड्या दिवसांनी जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून एखाद्याचा मेल येतो: तुमचं पान फार उपयोगी आहे, फक्त नमुन्यात चुकून वजाची खूण पडली आहे, ती काढावी.

या मेलना मी उत्तर देत नाही. ते काम आप्पांचं. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, रविवारी माळावरून आले की हात धुऊन कॉम्प्युटरपुढं बसतात, चष्मा लावतात, आणि एका बोटानं एकेक कळ शोधत प्रत्येकाला तेच उत्तर लिहितात. मी त्यांना लाल रंग कसा निवडायचा तेही शिकवलंय.

‘आकडा योग्य आहे.’